गावचे चार, सडकेचे चार

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला एकच प्रश्न विचारला. लग्न झालंय का, जात कोणती, पाहुणे किती येतात, घरी परतायला उशीर होतो का, हे सगळं आर्वीतल्या आधीच्या तीन घरमालकांनी विचारून झालं होतं. काका म्हणाले, "मॅडम, इंग्रजी वाचता येते काय?"

मी तिथल्या एका कॉलेजात इंग्रजीच शिकवायला आले होते. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढं मानधन आणि सुट्ट्या लागल्या की घरी बसा, अशा थाटाची ती नोकरी होती. मी हो म्हटलं. तसे ते आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक घेऊन आले. मला वाटलं, पोथी असेल. ते अँबेसेडर गाडीचं माहितीपुस्तक निघालं, कडा उंदरांनी कुरतडलेलं. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. स्पार्क प्लग कोणत्या नंबरचा घालावा आणि त्याच्या टोकाशी गॅप किती ठेवावी, एवढंच तिथं लिहिलेलं होतं. मी वाचून अर्थ सांगितला. काकांनी लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "खोली तुह्यी. पन हे पुस्तक चूक हाये."

त्या घरात मी पुढं सहा वर्षं राहिले. नव्वदच्या दशकातली ती वर्षं.

काकांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत गेली होती. मेकॅनिक म्हणून लागले आणि हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही अंगात खाकी शर्टच, फक्त त्यावरचा बिल्ला गेलेला. आता गंमत बघा, एसटीच्या गाड्या डिझेलच्या, आणि डिझेलच्या इंजिनाला प्लग नसतोच. तिथं हवा दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेट घेतं. ठिणगी लागते ती पेट्रोलच्या इंजिनाला, आणि ती पाडणारा बोटभर लांबीचा तुकडा म्हणजे प्लग. तीस वर्षं ज्या माणसाचा प्लगशी काडीचा संबंध आला नाही, तो म्हातारपणी त्याच्या असा नादी लागला की काकू म्हणायच्या, यांनी दुसरी बायको केली असती तर बरं झालं असतं, ती निदान भांडी तरी घासू लागली असती.

गाडी गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घराण्याची. साठच्या दशकातली, मूळची दुधी रंगाची. त्यांच्या पोरांना नवी छोटी गाडी हवी होती, म्हणून ही जिनिंगच्या शेडमध्ये टाकून दिलेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. काकांनी ती मागितली तेव्हा शेटजी म्हणाले म्हणे की घेऊन जा, पण कोंबड्या सोडून. काकांनी सहा महिन्यांत ती चालती केली. इंजिन, ब्रेक, गिअर हे त्यांच्या हातचा मळ होतं. अडले ते प्लगपाशी.

त्यांचं म्हणणं असं. प्लग दोन स्वभावांचे असतात, गरम आणि थंडा. गरम प्लगच्या आतलं चिनीमातीचं नाक लांब असतं. तो उष्णता धरून ठेवतो आणि अंगावर जमणारी काजळी जाळून टाकतो. थंड्याचं नाक आखूड, तो तापला की लगेच निवतो. गावात गाडी हळू चालते, कधी बैलगाडीच्या मागं तर कधी शाळेतून सुटलेल्या पोरांच्या मागं. तिथं थंडा प्लग घातला तर तो काजळीनं भरतो आणि गाडी फुरफुरत बंद पडते. उलट गरम प्लग घालून भर उन्हाळ्यात नागपूरच्या सडकेवर गाडी दामटली, तर त्याचं टोक लालभडक होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवून देतं. पिस्टन वर येत असतो आणि हा त्याच्या डोक्यावर स्फोट करतो. "प्लगनं सांगतल्यावर पेटाव," काका म्हणायचे. "आपल्या मनानं पेटला का घर जाळते."

पुस्तकात मात्र एकच नंबर दिलेला. कारण काकांच्या मते मूळ मजकूर थंड मुलखात बसून लिहिलेला होता, आणि लिहिणाऱ्यानं ना आर्वी पाहिली होती ना आर्वीचा मे महिना. दर रविवारी सकाळी मी त्यांना एकेक पान वाचून दाखवायचे. पटलं तर गप्प राहायचे. नाही पटलं तर कानावरची पेन्सिल काढून समासात लिहायचे, 'आर्वीले लागू नाई.' इंग्रजीत एम. ए. केलेल्या मला छापील शब्दावर असं काही लिहायची कधी छाती झाली नव्हती. माझ्या पुस्तकांत नुसत्या ओळींखाली रेघा आणि समासात 'महत्त्वाचे', एवढंच असायचं. त्या रविवारांनी मला जरा बिघडवलं, आणि मी त्याबद्दल काकांची कायमची ऋणी आहे.

तर मग काकांनी तोडगा काढला. आठ प्लग बाळगायचे. चार गावचे आणि चार सडकेचे. आर्वीहून निघून तळेगावला पोचलं की अमरावती-नागपूरची मोठी सडक लागते. तिथं एका चहाच्या हॉटेलापुढं काका गाडी लावत, बॉनेट उघडत आणि बाकावर बसून राहत. तापल्या इंजिनातून प्लग काढायचा नाही, आटे खराब होतात, हा त्यांचा नियम. अर्धा तास इंजिन निवू द्यायचं, मग गावचे चार काढून पुसून डब्यात ठेवायचे, सडकेचे चार हातानंच फिरवत बसवायचे आणि शेवटचा पाव फेरा तेवढा पान्यानं द्यायचा. परत येताना हेच उलट. नागपूरला जाऊन यायचं तर तळेगावला एकूण दीड तास मोडायचा.

या दीड तासानं काकांचे निम्मे नातेवाईक तोडले. काकूंच्या भावाला एकदा नागपूरहून रेल्वे पकडायची होती. तो तळेगावला बॉनेटपुढं येरझाऱ्या घालून वैतागला आणि समोरून आलेल्या एसटीत चढून निघून गेला. काकांना राग आला नाही. उलट त्यांनी कंडक्टरला, जो अर्थातच ओळखीचा होता, पाव्हण्याला खिडकीची जागा द्यायला सांगितलं आणि परत बाकावर येऊन बसले. गावात लोक त्यांची चेष्टा करत. मीही करायचे. सहकाऱ्यांना मी तो किस्सा अभिनयासकट सांगत असे, हे आता कबूल करायला हवं.

काढलेला प्लग उन्हात धरून काका त्याचा चेहरा वाचत. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला की खूश. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओला काळा म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे इंजिनाला ताप आहे. एकदा सलग तीन रविवार चारही प्लग वेगळेच काळे निघाले. काका ते रुमालात बांधून पेट्रोल पंपावर गेले, मालकाच्या टेबलावर ओळीनं मांडले आणि काही न बोलता दहा मिनिटं उभे राहिले. पेट्रोलात रॉकेल मिसळलं जातंय हे सांगायला त्यांना तोंड उघडावं लागलं नाही. पुढं पुढं असं झालं की काका पंपावर गेले की मालक स्वतः जवळ येऊन हळूच सांगे, काका, आज नको, उद्या या. बाकी गावानं काय भरावं याचं त्याला काही नव्हतं. काकांनी हेही गुपित ठेवलं नाही. ज्या दिवशी ते पंपावरून रिकामे परतत त्या दिवशी चौकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, उद्या भरा.

माणसांनाही ते याच मापानं मोजत. आमच्या प्राचार्यांना ते एकदाच भेटले आणि घरी येऊन म्हणाले की माणूस चांगला आहे, पण सडकेचा प्लग आहे, इथं काजळी धरेल. खरंच दोन वर्षांत प्राचार्य कंटाळून मुंबईकडं निघून गेले. मग मी विचारलं, मी कोणता? त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "तू गरम. चाल्ते. पन लय दामटाचं नाई." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं ठरलं असं मात्र झालं नाही.

माझं घर वर्ध्याचं. पंधरा दिवसांनी घरी जायला निघाले की काका जुना प्लग फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकत. वर्ध्याला गाड्यांच्या सुट्या भागांचं एक जुनं दुकान होतं, तिथं तो नमुना दाखवून तसाच आणायचा. मी पहिल्यांदा गेले आणि अँबेसेडरचे प्लग द्या म्हणाले. दुकानदारानं चार खोके काउंटरवर ठेवले. आर्वीला आणून दिल्यावर काकांनी भिंग लावून पाहिलं, फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, खिशातून काढून मोजलं, आणि चारही परत खोक्यात घातले. पुढच्या खेपेला मी बदलून आणले. तेही परत. तिसऱ्या खेपेला दुकानदार मला म्हणाला, ताई, तुमच्या घरमालकांना सांगा, प्लग इंजिनात घालायचे आहेत, कानात नाही. पण चौथ्या वेळी जे बसले त्यांनी गाडी अशी काही सुरू झाली की शेजारच्या मास्तरीणबाई, ज्या काकांशी कचऱ्यावरून भांडत असत, त्यासुद्धा बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

पुढं मी आर्वी सोडल्यानंतर, दोन हजार सालाच्या आसपास, सगळीकडं बिनशिशाचं पेट्रोल आलं. काकांचं मला पोस्टकार्ड आलं. तब्येत, काकू, पाऊस यांचं एकेक वाक्य आणि उरलेल्या जागेत ही तक्रार, की नव्या पेट्रोलानं प्लगवर पहिल्यासारखा रंग येत नाही, इतक्या वर्षांचं वाचन वाया गेलं, आता पुन्हा पहिलीत बसलोय. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

आता माझ्या आर्वीतल्या सहाव्या वर्षाचा तो मे महिना.

नागपूरच्या एका कॉलेजात इंग्रजीची पक्की जागा निघाली होती आणि मला मुलाखतीचं पत्र आलं. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या उन्हाळ्यात काही झालं नाही तर खोली सोडून घरी ये, आम्ही स्थळं बघतो. सहा वर्षं त्यांनी वाट पाहिली होती, त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मला मात्र घरी जायचं नव्हतं. मुलाखत सकाळी अकराची. नाव पुकारल्यावर हजर नसेल त्याचा विचार होणार नाही, असं पत्रात स्पष्ट होतं. त्याच पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात होतं की सर्व प्रमाणपत्रांच्या सत्यप्रती तीन संचांत आणाव्यात. हे शेवटचं वाक्य इंग्रजीच्या या प्राध्यापिकेनं आदल्या संध्याकाळी वाचलं.

सत्यप्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का लागतो. सकाळी सहाला मी ओळखीतल्या अधिकाऱ्यांच्या दारात होते. साहेब पूजेला बसले होते. पूजा दीड तास चालली. मग त्यांनी एकेक कागद मूळ प्रतीशी ताडून पाहिला, आणि सह्या होईपर्यंत माझी बस केव्हाच गेली होती. पुढच्या बसनं बारा वाजले असते. मी घरी आले तेव्हा काकांनी माझा चेहरा पाहिला. ते शर्ट चढवून गाडीत जाऊन बसले. तेव्हा साडेआठ व्हायला आले होते.

तळेगावला पोचलो आणि सवयीप्रमाणे त्यांनी हॉटेलाकडं वळायला गाडी हळू केली. मी घड्याळ पाहिलं. इथं थांबलो तर संपलंच. मी म्हणाले, काका, आज नको थांबायला. ते म्हणाले की गावचे प्लग आहेत, ऊन असं आहे, आणि वेळेत पोचायचं तर गाडी पळवावी लागेल. मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही.

"चार प्लगांसाठी माझं आयुष्य घालवता का, काका?"

हे मी म्हणाले. शब्द असेच होते, आणि आवाजही वरचा होता. काकांनी माझ्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. "बसून राह्य," म्हणाले, आणि गाडी मोठ्या सडकेला घातली. मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही. एका म्हाताऱ्याचं खूळ मोडलं, एवढंच वाटलं.

एरवी ते पन्नासच्या वर जात नसत. त्या दिवशी काटा सत्तर-ऐंशीवर होता. कारंजा गाव मागं पडलं, चढ लागला आणि बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. काकांनी मान तिरकी करून ऐकलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, तू तुझे कागद पाहा. मी पाहिले. खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती आणि मी सत्यप्रती उडू नयेत म्हणून मांडीखाली दाबून बसले होते. तो आवाज मग थांबला नाही. काकांनी वेगही कमी केला नाही.

अकराला दहा कमी असताना आम्ही नागपूरच्या कॉलेजच्या फाटकात होतो. त्यांनी किल्ली बंद केली तरी इंजिन थांबेना, गाडी हिसके देत थरथरत राहिली. मी तोवर दार उघडून पळत सुटले होते.

मुलाखत सहा मिनिटं चालली. मुलाखत घेणाऱ्या चौघांपैकी एक जण पूर्ण वेळ पंख्याकडं बघत होता. बाहेर बाकावर दुसरी एक उमेदवार मात्र जागा आधीच ठरल्यासारखी निवांत बसली होती, तिला शिपाई न मागता पाणी आणून देत होता. तरीही मी आशा सोडली नाही.

सत्यप्रती तपासून घेऊन तासाभरानं बाहेर आले तर काका लिंबाच्या सावलीत, फुटपाथावर. समोर वर्तमानपत्र आणि त्यावर चार प्लग. सहा वर्षांत मलाही थोडं वाचता यायला लागलं होतं. तीन पांढरेफटक होते. चौथ्याचं टोक वितळून गेलं होतं आणि आतल्या चिनीमातीवर चांदीच्या कणांसारखं काहीतरी चिकटलं होतं. हे काय, मी विचारलं.

"हे चमकते ना, ते पिस्टन हाये," काका म्हणाले.

त्या प्लगखालचा पिस्टन वितळून त्याला भोक पडलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. कधी कळलं तुम्हाला, मी विचारलं. कारंज्याच्या पुढं, ते म्हणाले. मग थांबला का नाहीत?

"निवाले अर्धा घंटा लागते. तुले अकराचा टाइम होता."

त्यांच्या आवाजात मला बोल लावणं नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. आर्वीकडं रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकला दोर बांधून, टोचन करून गाडी घरी आणली. सगळ्या वाटेत काका स्टिअरिंग धरून बसले होते आणि मी शेजारी, समोर ट्रकची पाठ. मुलाखत कशी झाली ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मुलाखतीत विचारलेला एकेक प्रश्न त्यांनी ऐकून घेतला आणि त्यातलं एकही उत्तर मी चुकले नव्हते याचा त्यांना फार आनंद झाला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. नाही म्हणून. बाजारातून परतले तर दाराच्या फटीखाली पडलेलं होतं. मी ते उशीखाली ठेवलं आणि कुणालाही सांगितलं नाही. अंगणात काका इंजिन उतरवून बसलेले असत, मोकळे भाग गोणपाटावर मांडलेले, आणि मी रोज त्यांच्या बाजूनं मान खाली घालून जायचे यायचे. त्यांचं काय गेलं होतं हे मला दिसत होतं, आणि ते कशासाठी गेलं हे मला कळल्यापासून तर तिथं उभं राहणं अशक्य झालं होतं. आठव्या दिवशी मला ते सहन होईना. मी ओट्यावर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, काका, माझं नाही झालं.

"मालूम हाये," ते म्हणाले. हातातलं काम चालूच होतं. "नोकरीचं कागद रजिस्टरनं येते. पोस्टमन सही घेते. हे साधं आलं होतं. म्याच तुह्या दाराखालून सरकवलं."

म्हणजे आठ दिवस त्यांना माहीत होतं. आठ दिवस ते अंगणात, माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर बसून होते, आणि मी त्यांना चुकवत होते. मग मी सगळं बोलून टाकलं. मी तुम्हाला थांबू दिलं नाही, मी वाट्टेल ते बोलले, तुमचं इंजिन फुकट गेलं, आणि महिनाअखेर मी खोली सोडतेय.

काकांनी पाना खाली ठेवला.

"फुकट कायचं? मले तुले अकराले पोचवाचं होतं. पोचवलं. पुढचं त्यायच्या हातात होतं, त्यायनं नाई केलं. तू काऊन मान खाली घालून चालून राह्यली?"

मी ओट्यावर बसून रडले. लहानपणानंतर दुसऱ्यासमोर अशी मी कधी रडले नव्हते. काका उठून जवळ आले. माझ्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात पुढं केला, तो ग्रीसनं कोपरापर्यंत काळा होता, म्हणून मागं घेतला. मग घराकडं तोंड करून त्यांनी काकूंना हाक मारली.

"आयकलं काय, चहा ठेव. मॅडमले दुसरा अर्ज भरा लागते."